चालू सेटमधला हात

अकोल्याहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "आत्या, बाबा गेले वं," एवढंच तो बोलला. मी "बरं" म्हटलं आणि उरलेली जुडी निवडून संपवली. महिना झाला त्याला. तेव्हा न आलेलं रडू आता कुठंही येतं, बँकेत, ऑटोत... दादाला कळलं असतं तर तो हसून हसून बेजार झाला असता.

माझा हा थोरला भाऊ म्हणजे एक नंबरचा उचापत्या. आमचा धंदा फुलांचा. अमरावतीच्या बाजारात वडील हार-वेण्या विकायचे. दादा मात्र अकोल्याच्या एका उस्तादाकडे रेडिओ दुरुस्ती शिकून आला आणि पहिला प्रयोग घरच्याच सेटवर केला. साठ सालच्या आसपासची गोष्ट. सिनेमाची गाणी लागायची दूरच्या शॉर्ट वेव्ह स्टेशनावर, म्हणून यानं मीडियम वेव्हचं कॉइल उपटलं आणि तिथं शॉर्ट वेव्हचं आणखी एक बसवलं. गाणी खणखणीत येऊ लागली, पण मीडियम वेव्हवरचं नागपूर केंद्र कायमचं गेलं. काढलेल्या कॉइलची बारीक तांब्याची तार आईनं उकलली आणि लग्नाच्या हारांना गुंडाळून टाकली. फुलं बांधायला इतकी छान तार तिला कधी मिळाली नव्हती.

मग काकूचं ते झालं. काका गेल्यावर ती आमच्यातच राहायची. ती जात्यावर बसली की गल्लीतली माणसं पाय रोवून उभी राहायची, असा तिचा गळा. नागपूरच्या रेडिओवाल्यांनी तिला बोलावून ओव्या ध्वनिमुद्रित करून घेतल्या. त्या लागायच्या आतच तिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. त्यानंतर कार्यक्रमाचा दिवस कळला. तिचा आवाज आता फक्त नागपूरच्या त्या फितीवर उरला होता, आणि तो एकदाच लागणार होता. कापडवाल्याकडे सेट होता, पण काकूनं मान हलवून साफ नकार दिला. लोकांदेखत रडायचं नव्हतं तिला.

दादाचं तोंड पाहवत नव्हतं. अकोल्याला जाऊन त्यानं उस्तादाकडून तार आणली आणि सेट पहिल्यासारखा करायला बसला. जुन्या कॉइलला वेढे किती होते, हे त्याला कुठं माहीत! अंदाजानं गुंडाळत गेला आणि तार कमी पडली. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून नुसती खरखर. वडील येरझारा घालत होते, आई देवापुढून उठत नव्हती. मला तर दादाचा असा संताप आला होता की धरून बदडावंसं वाटत होतं. संध्याकाळी, कार्यक्रम अगदी तोंडावर आला असताना, त्यानं उघड्या सेटमध्ये मागून हात घातला. कॉइलजवळ बोटं गेली आणि नागपूर आलं! बोटं काढली की जायचं.

"आता हालू नका कोनी," तो म्हणाला.

"दादा, असा किती वेळ हात ठेवशील रे? करंट लागन ना!"

"तू चूप बस. मले बोलू नको."

चालू सेटमध्ये एकच हात घालायचा, दुसरा खिशात ठेवायचा, ही उस्तादाची शिकवण. दोन्ही हातांतून वीज वाहिली तर ती काळजातून जाते. दादा लाकडी पाटावर उभा, डावा हात खिशात, नजर सेटच्या आत. बोट केसभर हललं तरी नागपूर निसटत होतं.

आणि काकूचा आवाज आला... पहिल्याच ओवीला आईनं पदर तोंडाला लावला. काकू रडली नाही. ती उठली, सेटच्या मागं गेली आणि दादाचा खिशातला हात बाहेर ओढू लागली.

"अवं बाई, हात नका लावू त्याले!" आई किंचाळली.

आवाज डळमळला. वडील जागच्या जागी थिजले. दादानं श्वास रोखून बोट सावरलं आणि ओवी पुन्हा स्वच्छ ऐकू येऊ लागली. काकूनं त्याचा डावा हात आपल्या गळ्यावर, टाक्यांच्या व्रणावर ठेवला. तिचे ओठ हलत होते. रेडिओबरोबर ती गात होती, आणि ते गाणं एकट्या दादाला कळत होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. इतक्या वर्षांत त्याला मी कितीदा पाहिलं असेल, पण आता तो आठवतो तो असाच.

ओव्या संपल्या. निवेदन करणारी बाई पुढचं काही सांगू लागली. दादानं सेटमधला हात काढला, नागपूर गेलं, खरखर सुरू झाली... दुसरा हात मात्र त्यानं तिथंच राहू दिला.