दोन ओळींचा खुलासा

"कुणी सांगितलं?"

समोरच्यानं एखादी बातमी सांगितली की दादा हातातली बशी आधी टेबलावर ठेवायचे आणि हे विचारायचे. आवाज चढवून नव्हे, 'साखर चालेल ना?' असं विचारावं तितक्या सहज. पण सांगणारा तिथंच अडखळायचा.

आमचा पत्रकारांचा क्लब नाशिकला गंगापूर रोडच्या एका गल्लीत आहे. जुन्या बंगल्याचा तळमजला, दोन कॅरम बोर्ड, पेपरांचं लांब टेबल आणि दुपारपासून चहा. दादा एका दैनिकात मुख्य उपसंपादक होते. निवृत्त झाल्यावर रोज चार वाजता येऊन खिडकीजवळ बसत. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्यासमोर थाप मारायला जीभ रेटत नाही.

एकदा कुणीतरी घाईघाईनं सांगितलं, "दादा, पालकमंत्री बदलणार."

"कुणी सांगितलं?"

"व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय."

"कुठं राहतं ते? चल, भेटून येऊ."

दुसऱ्या वेळी मी म्हणालो, "आपल्या क्लबात एसी बसणार आहे म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. परवा."

"मग खोटं असेल," म्हणाले आणि पुन्हा बशी उचलली.

चांदवडजवळ बिबट्या दिसल्याची बातमी घेऊन एक नवीन वार्ताहर मुलगी आली होती. दादांनी तिला पाहणाऱ्याचा नंबर शोधायला लावला. नंबर मिळाला तो कांद्याच्या चाळीवरच्या राखणदाराचा. तो फोनवर म्हणाला, "म्या नाय पाहिला. म्या फक्त आवाज ऐकला. पाहिला तो माझा मेहुणा." मेहुण्यानंही पाहिला नव्हता. तो म्हणाला, कुत्री लय भुंकत होती, एवढंच. मुलगी हिरमुसली. दादांनी तिच्यासाठी चहा मागवला आणि म्हणाले, "बाई, कुत्री भुंकली ही बातमी खरी आहे. तेवढीच लिही."

आम्ही हसायचो. त्या प्रश्नामागे काय आहे, ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

क्लबाच्या वर्धापनदिनी दादांचा सत्कार करायचं ठरलं. मी तेव्हा कार्यकारिणीत होतो. पाहुणे कोण बोलवायचे यावर चर्चा चालली होती, तेव्हा दादा म्हणाले, "पाहुणा मी आणतो. तुम्ही फक्त एक खुर्ची ठेवा."

आम्हाला वाटलं, कुणी बडे संपादक असतील. आले ते पांढरा सदरा-पायजमा घातलेले, साठीच्या पुढचे एक गृहस्थ. दादा त्यांना स्वतः बसस्टँडवरून रिक्षानं घेऊन आले होते. ओळख करून देताना एवढंच म्हणाले, "हे सायखेड्याचे गुरुजी."

भाषणाची वेळ आली तेव्हा दादांनी खिशातून पेपरचं पिवळं पडलेलं कात्रण काढलं आणि उभं राहून वाचलं. शीर्षक होतं, 'तांदूळचोर गुरुजी'. खाली गुरुजींचं नाव, शाळा, गाव, सगळं. पोषण आहाराची पोती शाळेतून गायब झाली आणि संशय गुरुजींवर आहे, अशी ती बातमी.

"हे शीर्षक मी दिलं," दादा म्हणाले. "त्या दिवशी मी गुरुजींना विचारलं नाही. कुणालाच विचारलं नाही. पोती पुढं दुसऱ्या शाळेत सापडली, ट्रकवाल्यानं चुकून तिथं उतरवली होती. गुरुजी निर्दोष ठरले. तो खुलासा आम्ही आतल्या पानावर दोन ओळींत छापला. आज मला तो पूर्ण वाचायचा आहे."

आणि त्यांनी वाचला. स्वतः लिहून आणलेला, दीड पानांचा. त्यात गुरुजींचं नाव चार वेळा आलं, शीर्षकातसुद्धा.

मग गुरुजी उठले.

"माझी आई बाजारात भाजी विकायची," ते म्हणाले. "बातमी आली त्या आठवड्यात एका बाईनं तिच्या पाटीतली जुडी हातात घेतली अन् परत ठेवली. म्हणाली, तुमच्या घरचं नको. त्यानंतर आई बाजारात बसली नाही. मी सुटलो, पण गावाला दाखवायला माझ्याकडे दोन ओळीच होत्या. आता आई नाही. हे तिनं ऐकायला हवं होतं."

एवढं बोलून ते बसले. माफ केलं, असं म्हणाले नाहीत. दादांनीही त्याची वाट पाहिली नाही. त्यांनी कागदाची घडी करून गुरुजींच्या हातात दिली आणि त्यांना सोडायला निघून गेले. सत्कार राहूनच गेला.

ते गेल्यावर एक जण म्हणाला, "इतकी वर्षं झाली, कशाला उकरून काढायचं?" घरी आल्यावर मी माझ्या जुन्या बातम्या आठवू लागलो आणि दोन नावांपाशी अडलो. त्या दोघांपैकी कुणाकडेही मी अजून गेलेलो नाही.

दादा पुढं येत राहिले, चार वाजता, त्याच खुर्चीत. गुरुजींचा विषय मात्र त्यांनी पुन्हा काढला नाही, आम्हीही काढला नाही.

मागच्या वर्षी दादा गेले. चार दिवस दवाखान्यात होते. रविवारी मी सायखेड्याला गेलो. गुरुजींना फोनवर सांगणं मला जमेना. घर नदीच्या बाजूला, पुढं ओटा. गुरुजी ओट्यावरच बसले होते.

"कळलं मला," मी काही बोलण्याआधीच ते म्हणाले. "त्यांच्या मुलीनं फोन केला होता." मग विचारलं, "फार त्रास झाला का हो त्यांना?"

"नाही," मी म्हणालो. "पण तुमचा त्यांच्याशी संपर्क होता?"

"त्या सत्कारानंतर दर रविवारी यायचे की. नऊच्या बसनं."

मी विचारलं, "काय बोलायचात?"

"पहिले काही महिने काहीच नाही. नुसते बसायचे. मग त्यांना बारीक अक्षर दिसेनासं झालं, तेव्हापासून मी पेपर वाचून दाखवायचो."

दादांना पेपरातलं अक्षर दिसत नव्हतं. क्लबात रोज आमच्यासमोर पेपर उघडून बसणाऱ्या माणसाला दिसत नव्हतं आणि आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

गुरुजींच्या मांडीवर त्या दिवशीचा पेपर होता, अजून घडी न मोडलेला. त्यांनी मला शेजारी बसायची खूण केली, पेपर उलगडला आणि पहिल्या पानापासून, सावकाश, मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.