ऑपरेटरची चूक

आमच्या सोसायटीत गाडी बिघडली की मेकॅनिकला बोलवायची पद्धत नाही. मीटिंग बोलवतात. मोशीतल्या आमच्या इमारतीत घरटी एक तरी माणूस चाकणला नाहीतर भोसरीला गाडीचा कुठला ना कुठला भाग बनवतो. सगळ्यांना पार्किंगमध्ये एकत्र उभं केलं तर एक अख्खी गाडी तयार होईल. ती चालेल की नाही, हे मात्र मला विचारू नका.

गाडी आमची, म्हणजे कागदोपत्री यांची, पण चालवते मी. हे कंपनीच्या बसने चाकणला जातात, बसमध्ये झोपतात आणि गाड्यांविषयी बोलतात. त्या आठवड्यात मला राजगुरुनगरच्या एका कॉलेजातून रसायनशास्त्र शिकवायला या म्हणून बोलावणं आलं होतं. मुलांच्या पायी सोडलेलं शिकवणं इतक्या वर्षांनी परत हाताशी आलं होतं, आणि प्राचार्यांना शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. एसटीच्या भरवशावर राहिले असते तर माझा पहिला तास थांब्यावरच भरला असता. गाडी होती म्हणून नोकरी होती, इतकं सरळ होतं ते. आणि नेमकी तेव्हाच गाडी थरथरायला लागली.

मी यांना नीट सांगितलं होतं. उभी असताना काही नाही. रस्त्यावर वेग घ्यायला ॲक्सिलरेटर दाबला की सगळी गाडी थरथरते, शेजारच्या सीटवरची पर्स खाली पडते. पाय उचलला की लगेच शांत. यापेक्षा स्वच्छ निरीक्षण मी माझ्या विद्यार्थ्यांकडूनही मागितलं नसतं. यांनी ते पेपर वाचता वाचता ऐकलं आणि बुधवारी संध्याकाळी मीटिंग ठेवली.

जमली मंडळी. बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं आणि गाडी जागेवर उभी ठेवून सगळे तिच्याभोवती हात मागे बांधून उभे राहिले. अहो, जी गाडी पळताना थरथरते ती उभी करून काय बघताय? पण हे विचारायला मला फुरसत कुठे होती, मी चहा गाळत होते. क्लबहाऊसमधून मुलांच्या चित्रकला स्पर्धेचा फळा आणला होता. त्यावर यांनी माशाचा सांगाडा काढला आणि प्रत्येक काट्यावर एकेक संशयित लिहिला. कंपनीत कारण शोधायची हीच रीत आहे म्हणे. दोन पिढ्यांत कुणी मासा खाल्ला नसेल अशी माणसं तासभर काटे मोजत होती.

तिसऱ्या मजल्यावरचे काका इंजिनखालचे रबरी माउंटिंग बनवणाऱ्या कंपनीत आहेत. त्यांचं ठाम मत पडलं की माउंटिंग सोडून काहीही असू शकतं, बहुधा चाकच. तळमजल्यावरचे भाऊ चाकांच्या रिमा बनवतात. त्यांनी रिमेवरून प्रेमाने हात फिरवला आणि माउंटिंग बघा म्हणाले. आमचे हे इंजिनाकडून चाकांना ताकद नेणारे शाफ्ट तपासून पास करतात. शाफ्टचा काटा त्यांनी फळ्यावर काढलाच नव्हता. माझे सासरे आकुर्डीच्या स्कूटरच्या कारखान्यातून रिटायर झालेत. आमच्या स्कूटरला असलं काही नव्हतं, एवढं बोलून ते देवाला दिवा लावायला वर गेले.

शेवटी उरलं कोण? चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली मी. तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, कारखान्यात कुठल्याच भागात दोष सापडत नाही तेव्हा एक हुकमी कारण असतं. ऑपरेटरची चूक. त्यावर उपायही हुकमी, ऑपरेटरला पुन्हा ट्रेनिंग. तेच ठरलं. वहिनी क्लच अर्धवट सोडतात, असं रिमवाल्या भाऊंनी सांगितलं. ते माझ्या गाडीत कधीही बसलेले नाहीत. यांनी मान डोलावली, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रात्री जेवताना हे अगदी मऊ आवाजात म्हणाले, की हायवेचं रोजचं ड्रायव्हिंग तुला झेपेल का ते एकदा बघ, नाहीतर जवळपासचे क्लासेस आहेतच. भाजीत मीठ कमी पडलंय हे सांगावं, तसं सांगितलं. मला रडू आलं. राग आला की मला रडू येतं, आणि त्याचा आणखी राग येतो.

तरी मी शुक्रवारी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले. त्यांच्या खटारा गाडीत बसले आणि आमच्याकडच्या रुंद स्पाइन रोडवर तिला चांगली दामटली. शिकवणारे गृहस्थ थोड्या वेळाने मोबाइल बघायला लागले. एक थरथर नाही, एक हिसका नाही. घरी येईपर्यंत माझं डोकं एकदम थंड झालं होतं.

हे बसमधून उतरून आत आले आणि मी पाण्याच्या ग्लासाबरोबर किल्ली पुढे केली.

"ऑपरेटर तोच ठेवला, मशीन बदलली. थरथर गेली," मी म्हटलं. "आता मशीन तीच ठेवा आणि ऑपरेटर बदला."

कारखान्यातल्या माणसाला कारखान्याच्याच भाषेत सांगितलं की त्याला नाही म्हणता येत नाही. हे निमूटपणे चालवायला बसले. हायवेला लागलो, यांनी ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी अशी थरथरली की डॅशबोर्डवरचा गणपती माझ्या मांडीवर आला. पाय उचलला, शांत. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, आणि मी मनसोक्त बघितला. तशीच गाडी हळूहळू गॅरेजला नेली.

गॅरेजवाल्याने गाडी वर उचलून पुढच्या चाकाकडे जाणारा शाफ्ट धरून हलवला. त्याचा आतला सांधा सैल होऊन खुळखुळत होता. यांनी वाकून शाफ्टवरचा शिक्का पाहिला. यांच्याच कंपनीचा. वाकल्या वाकल्याच रस्त्यातले खड्डे, त्यांमुळे फाटलेलं सांध्यावरचं रबर, आत गेलेलं पाणी असं काहीतरी सुरू केलं.

"खड्ड्यांची मीटिंग उद्या घ्या," मी म्हटलं, आणि तिथेच ग्रीसच्या वासात उभी राहून प्राचार्यांना फोन लावला. सोमवारपासून येते म्हणून सांगितलं. माझा आवाज थोडा थरथरला, पण तो आनंदाने.

शनिवारी नवा सांधा बसला. फळ्यावरचा मासा कुणी पुसला नाही, आणि शाफ्टचा काटाही कुणी काढला नाही. सोसायटीच्या ग्रुपवर फक्त "गाडी ओके" एवढंच आलं.

सोमवारी सकाळी मी खाली गाडी काढत होते. गेटवर कंपनीची बस हॉर्न देऊन निघून गेली. तरी हे गळ्यात ओळखपत्र आणि हातात डबा घेऊन माझ्या शेजारच्या दाराशी उभे.

"चाकणपर्यंत सोडशील?"

मी सीटवरची पर्स मागे टाकली आणि बेल्ट लावायला सांगितलं. गाडी लोण्यासारखी पळत होती. हे मात्र चाकण येईपर्यंत समोरच्या मोकळ्या जागेत पायाने नसलेला ब्रेक दाबत राहिले.