अंगणातला खड्डा

सरूबाईंनी या शहरात अकरा खोल्या बदलल्या, सगळ्या भाड्याच्या, शेवटची आमच्याच गल्लीत. नवऱ्याबरोबर देवगाव रंगारीहून इथं आल्या तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. मुलगा अभय चार वर्षांचा असताना नवरा काविळीनं गेला. मग मुलींच्या एका वसतिगृहात त्यांनी सत्तावीस वर्षं भाकरी थापल्या आणि त्यावर पोराला आयटीआय केलं. बिऱ्हाड हलवणं त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की आमच्या गल्लीत कुणी नवा भाडेकरू आला की त्या स्वतःहून जाऊन सांगायच्या, "सामान मागून सोडा. आधी शेजारणीला इचारा, पाणी कोणत्या दिवशी येतं. मग आतून कडी बसती का बघा. भांडे काय, कवाबी लावता येतेत."

म्हणजे नव्या घरात पहिलं काय बघायचं हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. मी त्यांच्यापासून दोन घरं सोडून राहतो, म्हणून सांगतो.

अभय वाळूजला एका कंपनीत कायम झाला, त्याचं लग्न झालं, आणि त्यानं पडेगावच्या अलीकडं आमच्या गल्लीत गुंठेवारीतला लहानसा प्लॉट घेतला. घर वर यायला लागलं तेव्हा विटांवर पाणी मारायला सरूबाई रोज यायच्या, सोबत सून प्रेरणा. प्रेरणा अशी हसायची की डोळे पूर्ण मिटायचे. सासूला ती आत्याबाई म्हणायची आणि दिवसातून दहा वेळा रागवायची. ऊन लागतंय, डोक्याला पदर घ्या, बादली माझ्याकडं द्या. सरूबाईंना ते रागवणं फार आवडायचं. "मला रागवाया कुणी नव्हतंच आजवर," असं एकदा त्या माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या.

गृहप्रवेश बुद्धपौर्णिमेला ठरला. भंतेजींना सांगणं झालं, पत्रिका वाटून झाल्या. चार दिवस राहिले असताना वायरिंग करणारा काकासाहेब खांद्यावर पहार घेऊन आला. अभय कंपनीत होता, प्रेरणा बाजारात गेली होती. अंगणात सरूबाई एकट्याच होत्या.

"मावशी, इथं कोपऱ्यात खड्डा घ्यायचाय, अर्थिंगचा."

"ते कशाला?"

"मोटरीत, फ्रिजात कुठं करंट उतरला तर त्यो माणसातून जाऊ नाय, जमिनीत जावा म्हणून. मीठ-कोळसा भरून पाइप गाडायचा. खाली मुरूम हाये, दीड दिवस लागंल."

सरूबाईंनी अंगणाकडं पाहिलं. आठवडाभरापूर्वीच तिथं सिमेंटचा कोबा झाला होता. मंडप तिथंच पडणार होता, भंतेजींचं आसनही तिथंच, पंगतही तिथंच.

"आता नको बाबा उकरू. पाव्हणे कुठं बसवू मी? कार्यक्रम होऊ दे, मग खण."

"मावशी, हे आधी करत्यात."

"आठ दिवसानं काय फरक पडतोय? अकरा खोल्यांत कुठं व्हतं अर्थिंग? मेलो का आम्ही?"

काकासाहेब हसला आणि पहार घेऊन परत गेला.

कार्यक्रम देखणा झाला. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोला प्रेरणानं स्वतः गुंफलेले हार होते. वंदना झाली, परित्राण पाठ झाला, भंतेजींनी सगळ्यांच्या मनगटाला दोरा बांधला, मग खीर. सरूबाई पांढऱ्या साडीत ज्याला-त्याला हाताला धरून घर दाखवत होत्या. मी जेवायला बसलो तो अंगणाच्या कोपऱ्यात. खड्डा तिथंच व्हायचा होता, हे मला फार नंतर कळलं.

मंडप निघाला. काकासाहेब दुसऱ्या कामात अडकला. "परवा येतो," असा त्यानं निरोप दिला.

गृहप्रवेशानंतर सहाव्या दिवशी सकाळी अकराला नळ आला. आमच्याकडं पाणी आठ-नऊ दिवसांनी येतं, तेही करंगळीएवढ्या धारेनं, त्यामुळं पाणी आलं की घरोघर मोटरी सुरू होतात. प्रेरणानं मोटर ओढून नळाला जोडली. मोटर गरगरत होती पण पाणी ओढत नव्हती, म्हणून तिनं बटण चालूच ठेवून तांब्यानं तोंडाशी पाणी ओतायला घेतलं. पाय अनवाणी, खाली ओल.

सरूबाई आत पीठ मळत होत्या. तांब्या पडल्याचा आवाज झाला म्हणून त्या बाहेर आल्या. सून मोटरीवर वाकलेली होती. "काय गं?" म्हणून त्यांनी खांद्याला हात लावला आणि त्या भिंतीवर जाऊन आदळल्या. तिथून उठून, पिठाच्या हातानंच, त्यांनी वायर ओढून काढली.

मी आणि समोरचा रिक्षावाला, आम्ही प्रेरणाला घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. रस्ताभर सरूबाई तिचे तळपाय चोळत होत्या. तिथं डॉक्टर म्हणाले, जागेवरच गेलीय. सव्वीस वर्षांची होती.

जलदानविधी झाला त्याच संध्याकाळी अभय काकासाहेबाच्या दुकानात घुसला आणि आम्हा दोघा-तिघा शेजाऱ्यांच्या देखत त्यानं त्याची गचांडी धरली. "माझ्या बायकोला मारलं तू. अर्थिंग न करता लाइट चालू करून दिली." काकासाहेबानं हातही वर केला नाही. मार खायलाच उभा राहिल्यासारखा उभा होता. पोलिसांनी जबाब घेतला तेव्हाही त्यानं "माझंच राहिलं" एवढंच सांगितलं होतं.

मागून सरूबाई आल्या. पायात चप्पल नव्हती.

"सोड त्याला. त्यो पहार घेऊन आला व्हता. म्याच नको म्हणले."

अभयनं वळून बघितलं. "कवा?"

"कार्यक्रमाच्या चार दिस आधी. अंगण खराब व्हईल म्हणून."

अभयनं गचांडी सोडली. मला वाटलं आता ओरडेल, काहीतरी फेकेल. तो आमच्या मधून निघून गेला.

महिनाभर तो त्या घरात राहिला, पण जेवायचा कंपनीच्या कँटीनला. मग बजाजनगरला खोली घेऊन गेला. मी एकदा त्याला समजवायला गेलो. म्हणाला, "काका, आईचा राग नाय मला. पण तिनं दिलेलं पाणी घशाखाली उतरत नाय. काय करू?"

पुढं एका रविवारी काकासाहेब न बोलावता पहार घेऊन आला. सरूबाईंनी दार उघडलं. कोबा दोघांनी फोडला. तो खणायचा, त्या घमेल्यानं माती बाहेर टाकायच्या. मीठ-कोळसा भरून पाइप गाडून दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. मी सहज डोकावलो तेव्हा सरूबाई मातीच्या ढिगाजवळ बसल्या होत्या.

"दीड दिवस म्हणला व्हता," त्या म्हणाल्या. "बघा. दीडच दिवस लागला."

त्यानंतर आमच्या भागात कुठंही सामानाचा टेम्पो उभा राहिला की सरूबाई जायच्या. पाण्याचा दिवस नाही, कडी नाही. एकच प्रश्न, अर्थिंग केलं का? लोकांना त्यांची गोष्ट माहीत झाली होती. काहीजण हो-हो करून वाटेला लावायचे, काही दार लोटून घ्यायचे.

गेल्या वर्षी पलीकडच्या गल्लीत सार्थक आणि मोनिका या जोडप्यानं घर बांधलं. गृहप्रवेशाचं दूध चुलीवर होतं आणि सरूबाई फाटकात जाऊन उभ्या राहिल्या. सार्थकची आई आवडाबाई भडकल्याच. "सून खाऊन बसली ती बाई! तिनं आजच्या दिवशी माझ्या दारात यावं व्हय?"

"आत येत नाय मी," सरूबाई म्हणाल्या. "तेवढं सांगा, केलं का?"

सार्थकनं त्यांना दंडाला धरून रस्त्यावर आणून सोडलं. त्या घरी गेल्या नाहीत. समोर खडीचा ढीग होता, त्यावर बसून राहिल्या. पाव्हणे जेवून त्यांच्या अंगावरून गेले. चारच्या सुमाराला मोनिका पत्रावळीवर बुंदी घेऊन आली. नवरा-सासू आत होते.

"मावशी, नाय केलेलं. कुठं खणायचं असतं?"

काकासाहेबानं तिथं खड्डा घेतला. आवडाबाईंनी घरात तीन दिवस अबोला धरला, आणि सरूबाई दिसल्या की त्या अजूनही रस्ता बदलतात.

या उन्हाळ्यात अभयनं घर विकायचं ठरवलं. सरूबाईंनी जिथं सांगितलं तिथं सह्या केल्या. घेणारे अजिंठ्याकडचे नवरा-बायको, दोघं नोकरीवाले, चांगली माणसं. ती घर बघायला आली तेव्हा सरूबाईंनी त्यांना आधी अंगणाच्या कोपऱ्यात नेलं, अर्थिंगच्या खड्ड्याचं झाकण उचलून दाखवलं. "उन्हाळ्यात आठ दिवसाला बादलीभर पाणी वता याच्यात. कोरडं पडलं की काम करत नाय." नवरा टेप घेऊन सोफ्याची जागा मोजत होता. "हो आजी," म्हणाला.

सरूबाई देवगावला पुतण्याकडं गेल्या. अभय त्यांना मध्यवर्ती बसस्थानकावर सोडायला आला होता. त्यानं पिशवी वर चढवून दिली, खिडकीशी उभा राहिला, आणि गाडी हलेपर्यंत दुसऱ्या फलाटाकडं बघत राहिला.

गेल्या महिन्यात त्या नव्या लोकांनी अंगणात फरशी बसवली. झाकण फरशीखाली गेलं. मी जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "बघतो काका, तेवढीच एक फरशी काढली की सगळा लूक जातो." दोनदा सांगितलं, दोनदा तेच.

सरूबाईंचा दर रविवारी फोन येतो. तब्येतीचं विचारत नाहीत, अभयचंही नाही.

"पाणी वततेत का वं?"

मी म्हणतो, "वततेत."