खर्जातली झिर्र

शेजारी राहायला आल्यावर माणसं साखर मागतात, स्टूल मागतात, फार तर वायफायचा पासवर्ड मागतात. आमच्या नव्या शेजाऱ्यांनी पहिल्याच दिवशी दार मागितलं.

"वहिनी, तुमच्याकडे एखादं जुनं दार आहे का हो, टाकून द्यायचं?"

"आहे की," मी म्हटलं, "पण सध्या त्याला घर लावलेलं आहे."

ते हसले नाहीत. बोटाच्या पेरानं आमच्या दारावर टकटक केलं, डोळे मिटले, कान जवळ नेला आणि म्हणाले, "आवाज भरीव आहे. कधी घर बदललंत तर आधी मला सांगा."

तर हे खर्जभाऊ. घरीच बेस गिटार बनवतात. बेस म्हणजे ती जाड तारांची गिटार, जी वाजतेय हे लोकांना ती थांबल्यावरच कळतं. ती खर्जात बोलते, भाऊही खर्जातच बोलतात, म्हणून हे नाव मीच ठेवलं. त्यांच्या बायकोला, म्हणजे ताईला, ते ऐकवलं तर ती म्हणाली, "एक अक्षर चुकलीस. खर्चभाऊ म्हण."

ताई कानाच्या डॉक्टरांकडे कामाला आहे. दिवसभर ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याशी बोलायचं आणि घरी येऊन जो ऐकत नाही त्याच्याशी, असा तिचा जन्म चाललाय. गॅलरी बंद करून भाऊंनी तिथे कारखाना मांडलाय. रंधे, पटाश्या, कानशी, सरसाचं भांडं. कपडे वाळत घालायच्या दोरीवर लाकूड आवळून धरायचे शिकंजे लटकतात, आणि ताईचा गाऊन वाळतो शिकंज्यांच्या मधल्या फटीत. लाकडाचा भुसा तर इतका, की त्यांच्याकडे चहा प्यायला तर तोही पॉलिश केल्यासारखा लागतो.

एकदा भाऊ म्हणाले, "या आठवड्यात पडदे बसवायचेत." मी धावत ताईकडे गेले. "अगं बाई, शेवटी एकदाचे! निळे घे, तुमच्या भिंतीला शोभतील." ताईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझाही कान तपासावा का असा विचार करतेय. गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात ना, त्यांना पडदे म्हणतात. खिडक्या अजून उघड्याच आहेत. त्यामुळेच तर मला पुढचं सगळं सांगता येतंय.

माणूस मात्र सोन्याच्या हातांचा, हे कबूल. गिटारची मान तासताना ते डोळे मिटून अंगठा फिरवत बसतात, चार फेरे रंधा आणि चाळीस फेरे अंगठा. म्हणतात, "मान हाताला जाणवता कामा नये. जाणवली की वाजवणारा मानेचा विचार करतो, गाण्याचा नाही."

दुखणं एकच. केलेली गिटार त्यांच्या हातून सुटत नाही. गिऱ्हाईक दारात यायच्या सुमारास त्यांना काहीतरी सापडतं. "ही ओल्या हवेत रुसते." "हिचा वरचा सूर जरा नाक मुरडतो." गिऱ्हाईक म्हणतं, आम्हाला नाही कळत. भाऊ म्हणतात, मला कळतं ना! मग गिऱ्हाईक जातं आणि गिटार भिंतीवर चढते. त्यांच्या बैठकीत भिंतीला रंग द्यायचा प्रश्नच उरलेला नाही.

शेवटी ताईनं निर्वाणीचं सांगितलं. तिच्या भावाचा स्वयंपाकघरातली कपाटं बनवायचा कारखाना आहे, त्याला देखरेखीला माणूस हवाच होता. "बेसवालीची गिटार रविवारी घराबाहेर पडली तर ठीक. नाही पडली, तर सोमवारपासून दादाकडे ड्रॉवर."

"ड्रॉवर?" भाऊ म्हणाले. हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जणू ताईनं त्यांना खाणीत पाठवायचं ठरवलंय. पण मान्य केलं. माझ्यादेखत केलं. खिडकी उघडीच होती.

बेसवाली म्हणजे हॉटेलातल्या एका बँडमध्ये वाजवणारी उंच, कमी बोलणारी बाई. तिच्या हाताची मापं घेऊन भाऊंनी तिची गिटार केली होती. शुक्रवारी तारा चढल्या. भाऊंनी सर्वांत जाड तार छेडली, आणि त्यांचा चेहरा पडला.

"झिर्र येतंय."

"काय येतंय?" ताईनं विचारलं.

"खर्जात झिर्र. माशी अडकल्यासारखी."

ताईला ऐकू येईना. मला बोलावलं, मलाही येईना. भाऊंनी सगळे पडदे पुन्हा घासले, खुंट्या आवळल्या, घोडी, म्हणजे जिच्यावर तारा टेकतात ती, काढून परत बसवली. झिर्र तशीच. मग त्यांना वाटलं, घरातलं दुसरंच काही साथ देत असेल. दिव्याची टोपी उतरवली. ताटाळं रिकामं केलं. मग मोर्चा आमच्याकडे. "वहिनी, तुमची काच वाजतेय." माझ्या कपाटाच्या काचांमध्ये त्यांनी आमच्या ह्यांचे मोजे कोंबले. भिंतीवरचं घड्याळ काढून गादीत गुंडाळलं. सासूबाई तिथेच डुलकी घेत होत्या, त्यांच्याकडेही भाऊंनी जरा निरखून पाहिलं. म्हटलं, "भाऊ, त्यांना हात लावू नका, त्यांचे स्क्रू आधीच ढिले आहेत."

शनिवारी ताईनं त्यांना धरून दवाखान्यात नेलं आणि कान तपासले. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत, अशा कानाचा माणूस इथे बऱ्याच दिवसांत आला नव्हता. झालं! जाताना निदान शंका होती, येताना खात्री घेऊन आले.

रविवारी बेसवाली आली तेव्हा मी चाळणी परत करायला गेले. चाळणी माझीच होती, पण कुणी विचारलं नाही. भाऊ गिटार पोटाशी धरून बसलेले. ताई दाराशी, हातात फोन, दादाचा नंबर काढून तयार.

"नाही देता येणार," भाऊ म्हणाले. "झिर्र आहे."

"बघू तरी, काका."

तिनं वाजवली. काय सांगू, माझ्या तळपायातून काहीतरी मऊ चालत वर आलं. आवाज संपला तरी खोली जराशी हलल्यासारखी वाटत होती. झिर्रबिर्र काही नाही.

"मस्त आहे."

"तुम्हाला येणार नाही ऐकू. द्या इकडे." भाऊंनी गिटार घेतली आणि त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं हनुवटी तिच्या शिंगाला, म्हणजे वरच्या निमुळत्या टोकाला, टेकवली. लाकूड हाडातून ऐकायचं असतं म्हणे. तार छेडली. "हे! हे बघा!"

बेसवाली गुडघ्यावर बसली आणि तिनं गिटारला कान लावला. मग कपाळाला आठी. "आहे. काहीतरी आहे खरं."

ताईनं डोळे मिटले. भाऊंचा चेहरा मोठा विचित्र झाला. तीन दिवसांनी कुणीतरी खरं मानलं म्हणून आनंद, आणि ड्रॉवर.

"परत वाजवा," बेसवाली म्हणाली. भाऊ छेडत राहिले आणि तिचा कान सरकत राहिला. घोडीवरून मानेकडे, मानेवरून भाऊंच्या खांद्याकडे, खांद्यावरून गालाकडे. तिथे थांबला. मी ताईकडे पाहिलं, ताईनं माझ्याकडे. प्रकरण जरा नाजूक वळणावर आलं होतं.

"काका," ती म्हणाली, "गिटार नाही वाजत. तुम्ही वाजताय."

तिनं त्यांच्या नाकावरचा चष्मा अलगद उचलला. "आता छेडा."

खर्ज निघाला. स्वच्छ, गोल. माशी नाही.

त्या चष्म्याची एक काडी मागे तुटली होती, तेव्हा भाऊंनी दुकानात न जाता याच गिटारच्या उरलेल्या तुकड्यातून नवी काडी कोरली होती, पितळेची खीळ ठोकून. एकाच लाकडाच्या दोघी. इकडे ती बोलली, की तिकडे ही हुंकार भरायची, थेट कानामागच्या हाडात.

"हे स्वतःच्या नाकावर माशी घेऊन फिरतात आणि म्हणतात, शेजाऱ्यांचं घड्याळ वाजतंय!" ताई म्हणाली.

मी हसून हसून चाळणीवर बसले.

भाऊ मात्र हसेनात. त्यांच्याकडे आता काही उरलं नव्हतं, एकही दोष नाही. त्यांचा अंगठा मानेवरून एकदा वर गेला, एकदा खाली. पुन्हा वर निघाला.

ताईनं हळूच चष्मा पुढे केला. "हा घ्या. घाला."

"नको," भाऊ म्हणाले. "घातला तर आणखी काहीतरी दिसेल मला. जाऊ दे तिला अशीच." आणि गिटार त्यांनी समोर धरली. बेसवाली जरा डावीकडे उभी होती, तिनंच पुढे होऊन घेतली.

ती पेटी खांद्याला लावून गेली. ताई फोनवर सांगत होती, "नाही येत रे दादा ते उद्या. नाही, बरे आहेत. अरे गेली, गिटार गेली! रडतेय कुठे, भुसा गेलाय डोळ्यात."

आणि भाऊ, बिनचष्म्याचे डोळे बारीक करून, मोठ्या तळमळीनं मला समजावत होते, "गाडीत मागे आडवी ठेवू नका. उन्हात नको. पहिले काही दिवस तारा उतरतील, घाबरू नका, आणि काही वाटलं तर लगेच घेऊन या."

मी म्हटलं, "हो काका."