सुधाकर भाऊजी त्या दिवशी उडले नाहीत

सुधाकर भाऊजी काल गेले.

आणि तुमच्यातल्या निम्म्यांना ते कालपर्यंत होते, हेच आठवत नव्हतं. फोनवर मलाच विचारता, कोण सुधाकर?

अरे भिया, विमानवाले. माझे धाकटे दीर. ज्यांच्या नावावर शाळेत भाव खायचात, ते.

मी बोलतेय, नात या घरच्या ग्रुपवर टाइप करतेय. मला अक्षर येत नाही, पण आठवतं सगळं. तुमचं उलटं आहे.

भाऊजींना विमानाचं लायसन मिळालं तेव्हा इंदूरला आमच्या मल्हारगंजात सगळ्यांना वाटलं, आता पांढरा शर्ट, टोपी, दिल्ली-मुंबई.

तर भाऊजी म्हणाले, मला शेतांवर फवारणी करायची आहे. विमानातून.

सासूबाईंनी विचारलं, त्यात पॅसेंजर किती बसतात?

"एकही नाही, आई. पुढे औषधाची टाकी, मागे मी."

"म्हणजे टँकरचा ड्रायव्हर," म्हणाल्या, आणि गिलकी चिरायला बसल्या.

वरून टोमणा, पण आतून घाबरल्या होत्या. कुणीतरी सांगितलं होतं, ही विमानं पिकाच्या अगदी डोक्यावरून जातात, बिजलीच्या तारा चुकवत. पोरगा परत येईल की नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

मामंजींनी तर पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात नोकरी बोलूनही ठेवली.

शेवटी सासूबाईंनी फैसला दिला. एकदा डोळ्यांनी बघेन. मन मानलं तर उड, नाहीतर कारखाना.

भाऊजींचं पहिलंच काम देपालपूरकडे लागलं. सोयाबीनवर इल्ली, म्हणजे अळी, पडली होती. आम्ही जीप करून सकाळीच पोचलो. अख्खं गाव बांधावर बसलेलं, जसा काही मेळा.

भाऊजी आधी सगळं शेत पायी फिरले. तारा बघितल्या, झाडं बघितली. मग मूठभर धूळ उचलली आणि हळूहळू सोडली.

धूळ सरळ खाली पडेना. शेजारच्या तळ्याकडे उडाली.

भाऊजी एका रिकाम्या ड्रमवर जाऊन बसले. बसूनच राहिले. ऊन चढलं, वारा काही थांबेना.

शेताचे मालक येऊन म्हणाले, कप्तान साब, पूरा गाँव आया है, अब उड़ा भी दो. पोरं हसायला लागली. कुणी म्हणालं, इसको आता ही नहीं है.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाई जीपमध्ये बसून सगळं बघत होत्या. मी धावत गेले.

"भाऊजी, आज नोकरीचा सवाल आहे तुमच्या. एक चक्कर तरी मारा."

"वहिनी, औषध त्या तळ्यात जाईल. गुरं पाणी पितात तिथं."

"मग रिकामंच उडवा. आईंना दाखवायला."

"ते विमान काय माझ्या बापाचं आहे?"

आणि सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाले, आज नहीं होगा.

परत येताना जीपमध्ये मी मनात म्हटलं, संपलं, आता कारखाना.

घरी आल्यावर सासूबाईंनी पाय धुतले, पाणी प्यायल्या, आणि मामंजींना म्हणाल्या,

"कारखान्यात नाही म्हणून कळवा. एवढं गाव हसत असताना जो खाली बसून राहतो, तो वर जाऊन मरायचा नाही."

बस. एवढंच.

गंमत बघा, सासूबाईंनी त्यांना उडताना कधी पाहिलंच नाही. पुन्हा गेल्याच नाहीत. म्हणायच्या, मला बघायचं ते बघून झालं.

मी पाहिलं, पुढच्या वर्षी. काय सांगू. शेताच्या टोकाला असं वाटलं की आता झाडावर आदळतं, आणि तेवढ्यात विमान पतंगासारखं वर. मी डोळे मिटले होते, पण ते सांगू नका कुणाला.

सगळी नोकरी अशीच केली. प्रत्येक वेळी घरी आले.

काल दुपारी जेवले, आपल्या पलंगावर आडवे झाले, आणि झोपेतच गेले. म्हातारे होऊन. सासूबाईंचं म्हणणं खरं ठरलं.

या आता, भाऊजी. तुमचा फार अभिमान होता. तोंडावर कधी बोलले नाही, तुम्ही चढून बसला असता.

आणि बाकीच्यांनो, घरी चूल पेटलेली नाही. त्यांच्या बायकोला, आमच्या शालूला, घास उतरत नाहीये. मऊ मुगाची खिचडी आणि पातळ कढी पाठवा.

वरून शेव टाकू नका. इंदूरचे आहात, माहीत आहे मला, तरी टाकू नका.