तिघेही पहिले

निम्मे कपडे दोरीवर गेले होते, निम्मे पिळून बादलीत पडले होते, तेवढ्यात मेळबाईंचा फोन वाजला.

“अहो बाई, लवकर या,” पलीकडून निवृत्त मास्तर बोलत होते. “दारात तीन माणसं भांडतायत. प्रत्येक जण म्हणतो, बाईंनी मलाच पहिलं बोलावलंय!”

मेळबाईंनी जीभ चावली. ओल्या हातानेच चपला घातल्या.

बारा वर्षं त्यांनी खिडक्यांच्या दुकानात फोन घेण्याचं काम केलं होतं. लोकांची रड ठरलेली. खिडकीवाला म्हणे ओल छतामुळे येते, छतवाला म्हणे खिडकीमुळे, आणि घरदुरुस्तीच्या सरकारी अनुदानाचा अर्ज कायम पुढच्या टेबलावर. शेवटी बाईंनी नोकरी सोडली आणि घर तपासण्यापासून अर्ज, कारागीर, शेवटची पाहणी असं सगळं एकहाती करून द्यायला लागल्या. घरवाल्याने एक सही करायची, बाकीचा मेळ बाई घालणार. म्हणून त्या मेळबाई.

मास्तरांचं काम मात्र घाईचं होतं. त्यांच्या पत्नीला फुप्फुसाचा आजार झाला होता. शनिवारी दवाखान्यातून सुटका होती, पण डॉक्टरांनी बजावलं होतं, खोली कोरडी आणि उबदार हवी. नसेल तर त्यांना परगावी लेकीकडे ठेवावं लागणार होतं, सगळा हिवाळा. आज गुरुवार उजाडला होता.

मेळबाई पोचल्या तेव्हा वायरमन आणि खिडकीवाला एकाच शिडीची दोन टोकं धरून उभे होते. ऊब टिकावी म्हणून माळ्यावर लोकरीच्या गाद्या अंथरणारा, म्हणजे लोकरवाला, गाडीत परत सामान चढवत होता.

“मी चाललो,” तो म्हणाला. “आता पंधरा दिवसांनी बघू.”

काहीतरी थाप मारावी असं बाईंच्या ओठावर आलं होतं. पण रोज सकाळी देवापुढे हात जोडायचे आणि आठ वाजता तीन माणसांना एकच खोटं सांगायचं, हे त्यांना आधीच टोचत होतं.

“चूक माझी,” त्या म्हणाल्या. “तिघांनाही ‘तुम्हीच पहिले’ म्हटलं मी. पण खरं सांगा, दुसरा नंबर म्हटल्यावर तुमच्यापैकी कोण दुपारच्या आत उगवलं असतं?”

मग खिडकीवाल्यालाच हसू फुटलं. “एवढं मात्र खरं!”

“आता नीट ऐका. वायरमन भाऊ, दमट हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्याची वायर माळ्यावरून आधी जायला हवी. नाहीतर खोली डब्यासारखी बंद होईल आणि भिंतींना बुरशी धरेल. खिडकी खालची आहे, तिला शिडी लागतच नाही. लोकर सगळ्यात शेवटी.”

“आणि मी तोवर काय, माशा मारू?” लोकरवाला फुरंगटला.

“माळा रिकामा केल्याशिवाय गाद्या कुठे अंथरणार, दादा?”

माळ्यावर मास्तरांच्या चाळीस वर्षांच्या उत्तरपत्रिका निघाल्या. लोकरवाला एकेक गठ्ठा खाली देत होता आणि मोठ्याने गुण वाचत होता. “शंभरात सात! मास्तर, हा पुढे काय झाला?”

“वायरमन,” मास्तर शांतपणे म्हणाले.

खालून वायरमन ओरडला, “पेपर फाडा तो!”

शुक्रवारी दुपारपर्यंत सगळं उरकलं. कुठून वारा शिरतो ते पाहायला मेळबाईंनी उदबत्ती पेटवली आणि खोलीभर हळूहळू फिरवली. खिडकीपाशी धूर सरळ वर गेला. छताच्या कडेलाही सरळ. मास्तर श्वास रोखून मागे मागे चालत होते. अंगणाच्या दारापाशी मात्र धूर आडवा झाला आणि फरफर आत आला.

मास्तरांचा चेहरा उतरला. “म्हणजे उद्या तिला आणायचं नाही?”

“आणायचं म्हणजे आणायचं! बोटभर फट आहे दाराखाली, तिच्यासाठी का कोणी परगावी जातं?”

बाईंनी टेपने दाराची रुंदी मोजली, आकडा तळहातावर लिहिला, आणि दाराखाली लावायची रबरी पट्टी आणायला हार्डवेअरच्या दुकानाकडे निघाल्या.