जरा पडलोय

आमच्या बाबांचा उभा जन्म शिडीवर गेला. ते रंगारी. शाळा, दवाखाने, लोकांची घरं, जिथे म्हणून भिंत होती आणि तिच्या टोकापर्यंत शिडी पोचत होती, तिथे बाबांचा ब्रश फिरलेला. सत्तरी उलटली तरी ते एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात ब्रश घेऊन चढत. उतरल्यावर मात्र आपल्याला कोणी पाहिलं का, हे हळूच बघून घेत. आई गेल्यानंतर तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ते एकटेच राहत होते. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि बाबांना ती नकोही होती.

मग लंबू गेला. लंबू म्हणजे बाबांचा कामातला जुना जोडीदार. तोही एकटाच राहायचा. न्हाणीघरात पाय घसरून पडला आणि दार फोडेपर्यंत तिथेच ओल्या फरशीवर राहिला. छातीत गारठा भरला आणि दवाखान्यातून तो परत आलाच नाही. बाबा त्याला भेटून आले त्या दिवशी जेवले नाहीत.

"हाड मोडलं नव्हतं गं," ते मला म्हणाले. "कुठे काही लागलंसुद्धा नव्हतं. नुसतं उठता आलं नाही."

मी ते वाक्य दादाला सांगितलं आणि तो हादरला. दादा माझा थोरला भाऊ, शाळेची बस चालवतो. दुसऱ्याच दिवशी तो आला, बाबांची शिडी खांद्यावर घेऊन खाली गेला आणि त्याने ती आपल्या बसच्या शेडमध्ये कुलूप लावून ठेवली. वर येऊन त्याने अट घातली. "एकदा जरी पडलात, तर त्याच दिवशी बॅग भरायची आणि माझ्याकडे यायचं. आणि पडलात तर लपवायचं नाही. शब्द द्या."

बाबांनी शब्द दिला. त्यांना दादाच्या घरी जायचं नव्हतं. तिथे वाईट असं काहीच नव्हतं, उलट वहिनी त्यांना पाण्याचा पेलासुद्धा उचलू देणार नाही, इतकी माया. बाबांना भीती होती ती त्याच मायेची. "तिथे मला खुर्चीत बसवून ठेवतील," ते म्हणायचे, "आणि मी बसेन. मग मी पुन्हा उठायचा नाही."

म्हणून त्यांनी व्यायाम सुरू केला. दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंकडून ते शिकून आले आणि रोज सकाळी चहाच्या आधी मुद्दाम फरशीवर निजू लागले. मग कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, गुडघ्यांवर यायचं, खुर्ची धरायची, एक पाय पुढे रोवायचा आणि उठायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, ते पडलेच. मी ओरडले, तर ते गुडघ्यांवरूनच म्हणाले, "तडतडी, लोक चालायचा व्यायाम करतात. मी उठायचा करतोय." तडतडी हे माझं घरातलं नाव. का पडलं ते सांगायची गरज नाही.

दुसरा व्यायाम त्यांनी स्वतःच शोधून काढला होता. पँट उभ्यानेच घालायची, कशालाही न धरता, आधी एका पायावर आणि मग दुसऱ्यावर. यावर आमची कडाक्याची भांडणं झाली. "तोल राहतो," ते म्हणत. "तोरा राहतो," मी म्हणे.

या सगळ्यात घरातला एक शब्द गेला. पूर्वी जेवण झालं की बाबा म्हणायचे, "जरा पडतो." दादाच्या अटीनंतर त्यांनी तो शब्द टाकला तो टाकलाच. आता ते 'आडवे होत', 'टेकत', 'पाठ टेकवत'. पडत मात्र नसत. कोर्टात उभं राहिल्यासारखे बोलतात, म्हणून आम्ही दोघं त्यांची चेष्टा करायचो. मी मुद्दाम विचारायची, "काय बाबा, पडला होतात का?" ते गंभीरपणे सांगत, "आडवा झालो होतो."

त्या दिवशी दुपारी मी दुकानात होते. माझं काम चष्म्याच्या दुकानात आहे. एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची दांडी सैल झाली होती, ती घट्ट करत होते. तेवढ्यात दादाचा फोन आला. मागे पोरांचा कलकलाट चालला होता.

"बाबांशी आत्ताच बोललो," तो म्हणाला. "तू आता फोन करून उठवू नकोस. जरा पडलोय म्हणाले."

"काय म्हणाले?"

"अगं, पडलेत जरा. आवाज झोपेतला वाटला. मी म्हटलं, पडा निवांत."

"दादा, नेमका शब्द सांग. पडलोय म्हणाले की आडवा झालोय?"

"पडलोय. का?"

हातातला स्क्रू सुटून कुठेतरी गेला. "दादा," मी म्हटलं, "बाबा हा शब्द वापरत नाहीत."

मग दादा म्हणाला, "माझ्या बसमध्ये पोरं आहेत. सगळ्यांना घरी सोडल्याशिवाय मला हलता येत नाही. तू जा. तू पळ."

मी पळाले. गिऱ्हाइकाला काय सांगितलं ते आठवत नाही. बाबांचं घर दुकानापासून चार गल्ल्या सोडून. वाटेत मी फोन लावत होते आणि तो वाजून वाजून बंद पडत होता. त्यांनी दादाचा फोन घेतला, मग माझा का घेत नाहीत? डोक्यात सारखा लंबू येत होता. दुसऱ्या मजल्यावर माझीच छाती भात्यासारखी चालायला लागली. बाबा हेच जिने दिवसातून कितीदा चढतात, आणि वर मला हसतात.

त्यांचं दार ओढलं की आपोआप बंद होतं. एक किल्ली माझ्या पर्समध्ये असते. ती सापडेना म्हणून मी पर्स जिन्यातच उपडी केली.

"बाबा!"

"तडतडी?" आतून लगेच आवाज आला. "तू कशाला आलीस? दुकान कोणावर टाकलंस?"

आवाज खालून येत होता, अगदी फरशीलगत. मी किल्ली कुलपात घातली.

"खबरदार! दार उघडायचं नाही."

"का?"

"मी नीट कपड्यात नाही."

म्हणजे पँट. मला सगळं कळलं. इतका राग आला आणि इतकं रडू आलं, की दोन्ही एकदमच तोंडातून बाहेर पडलं. "उभ्याने! उभ्यानेच घालत होतात ना? किती वेळा सांगितलं!"

"भांडण नंतर कर. मी कामात आहे."

"डोकं आपटलं का?"

"कोपर आपटलं."

"पाय हलतात? दोन्ही? कंबर?"

"हलतात. तपासलं सगळं. तुम्ही दोघं मिळून फोन करकरून माझा खोळंबा करताय. आता तिथेच उभी राहा. मी उठतो."

किल्ली कुलपात होती आणि माझी बोटं किल्लीवर. नुसती फिरवायची होती. आत जाऊन काखेत हात घालून त्यांना उचललं असतं आणि सगळं संपलं असतं. पण खरोखरच सगळं संपलं असतं. ज्याला उचलावं लागतं त्याला एकटं ठेवत नाहीत, हे बाबांना माहीत होतं आणि मलाही. आणि नाही उचललं, आणि उठताना त्यांचं काही मोडलं, तर? दादा मला जन्मभर माफ करणार नव्हता. त्याचं सोडा, मीच स्वतःला करणार नव्हते.

मी कान दाराला लावला. कापड फरशीवर घासल्याचा आवाज आला, म्हणजे ते कुशीवर वळले. मग मोठा उसासा आणि "आई गं", म्हणजे कोपर. रोज सकाळचे सगळे टप्पे मला पाठ होते. पण सकाळी कोपराला मार लागलेला नसतो. मग खुर्ची करकरली. आता पाय पुढे, मी मनात म्हटलं. पाय पुढे रोवा, बाबा. खुर्ची एकदम फरशीवरून सरकत गेली, कशावर तरी आदळली, आणि पाठोपाठ दुसरा, मऊ आणि जड आवाज आला.

"बाबा?"

मी दारावर थाप मारली.

"बाबा!" मी किल्ली अर्धी फिरवली.

"नको." इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा वाटला. "खुर्ची पळाली. हात थरथरतायत गं. जरा थांब."

"उघडते मी."

"मग लंबूत आणि माझ्यात फरक काय?"

मी किल्ली तशीच धरून ठेवली. मला फार भीती वाटत होती. त्यांनाही वाटत होती, ते मला ऐकू येत होतं. आणि कुठून कोण जाणे, मला लहानपणीची ओरड आठवली. सुट्टीत मी आणि दादा त्यांच्या कामावर जायचो आणि शिडीवर चढायला धावायचो. ते खालून ओरडायचे. आम्हाला, लंबूला, नव्या मजुराला, सगळ्यांना एकच ओरड.

"बाबा, शिडी लावली की पहिलं काय करायचं?"

आत धापा चालूच होत्या.

"बाबा, सांगा ना. पहिलं काय?"

"पाय अडकवायचा," ते सावकाश म्हणाले. मग त्यांच्या घशातून हसल्यासारखा आवाज आला. "शिडीचा पाय अडकवल्याशिवाय पहिल्या पायरीवर पाय ठेवायचा नाही. गाढव आहे मी."

"खुर्ची भिंतीला लावा."

"कळलं. अक्कल शिकवू नकोस."

सकाळच्या व्यायामात ते रोज खुर्ची भिंतीलाच लावत असणार, पण घाबरलेल्या माणसाला रोजचंही आठवत नाही. ते खुर्ची ढकलत नेत होते. थोडं ढकलायचे, थांबायचे, धापा टाकायचे. मला वाटत होतं ती खोली मैदानाएवढी झालीय. अखेर लाकूड भिंतीवर टेकल्याचा ठक आवाज झाला.

"लागली," ते म्हणाले.

नंतर बराच वेळ फक्त श्वास. मी माझा रोखून धरला होता. ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटणं, खुर्चीची कुरकुर, पुन्हा श्वास. आणि मग ते म्हणाले, "तडतडी."

आवाज वरून आला होता. माझ्या कानाच्या उंचीवरून. बाबा उभे होते.

"पँट घालतो, मग उघडतो," ते म्हणाले.

"बसून घाला!" मी इतक्या जोरात किंचाळले की खालच्या मजल्यावरचं दार उघडलं.

दार बाबांनीच उघडलं. चेहरा चुन्यासारखा पांढरा, कोपर टम्म सुजलेलं. मी त्यांना मिठी मारली आणि मिठीतच शिव्या घातल्या. थोड्या वेळाने मी विचारलं, "दादाला सरळ का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. पडलोय म्हटलं. लपवायचं नाही असं ठरलं होतं, मी लपवलं नाही."

"'जरा' पडलोय?"

त्यांनी मान खाली घातली. "तो म्हणाला, पडा निवांत. आधी मला बरं वाटलं, सुटलो म्हणून. मग त्याने फोन ठेवला आणि मला भीती वाटली. कधी नव्हे इतकी."

दवाखान्यात फोटो काढले. हाड शाबूत होतं. संध्याकाळी आम्ही घरी आलो तेव्हा दादा दारातच उभा होता. आत येऊन त्याने पलंगाखाली हात घातला आणि बॅग ओढून बाहेर काढली.

"दादा, ते स्वतः उठले," मी म्हटलं. "मी दाराबाहेर होते. मी हातसुद्धा लावला नाही."

"अट पडण्याची होती."

"शब्द दिला होता मी," बाबा म्हणाले. "भर." आणि ते खुर्चीत बसले. खुर्ची अजून भिंतीलाच होती. तसं बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. हात मांडीवर, नजर कुठेच नाही. त्यांना ज्याची भीती होती, ते माझ्यासमोर सुरू झालं होतं.

दादाने बॅगेची चेन उघडली. एक शर्ट घातला. दुसरा हातात घेतला आणि तसाच मटकन फरशीवर बसला. दुपारी बाबा जिथे पडले होते, जवळपास तिथेच.

"मी म्हटलं, पडा निवांत," तो म्हणाला. "बाबा, तुम्ही इथे होतात, आणि मी म्हटलं, निवांत. आणि फोन ठेवला." एवढा मोठा माणूस ढसाढसा रडायला लागला.

बाबा उठले. सावकाश, पण कशालाही न धरता. त्यांनी खुर्ची एका हाताने दादाजवळ ओढली, तिचे मागचे पाय पलंगाच्या पायाला नीट अडकवले आणि हलवून बघितली.

"ऊठ," ते म्हणाले. "धर हिला. ही नाही पळत."

दादाने खुर्ची धरली आणि उठला. उठताना कण्हला बाबांपेक्षा जास्त, पण तेव्हा मी गप्प बसले. मग त्याने बॅगेतला शर्टही काढला, दोन्ही खुंटीला लावले आणि नवी अट घातली. पँट बसून घालायची. बाबांचा चेहरा असा पडला, की शिडी नेली तेव्हाही तसा पडला नव्हता. पण त्यांनी शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादाचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. बाबांनी फोन स्पीकरवर टाकून खुर्चीवर ठेवला.

"काय करताय?" दादाने विचारलं.

"व्यायाम. पडलोय."

"कुठे?"

"फरशीवर. मुद्दाम. आता उठतोय."

पोरांचा कलकलाट ऐकू येत होता. दादा काहीच बोलला नाही आणि त्याने फोनही ठेवला नाही. बाबा कुशीवर वळले, कोपर दुखलं म्हणून थांबले, गुडघ्यांवर आले, खुर्ची धरली.

"उठलो," ते म्हणाले.

मग दादाने फोन ठेवला.